सवय लागते कशी, सुटते कशी: अभिसंधान आणि निरीक्षण यांचा जाणीवपूर्वक उपयोग

मोबाइलसाठी रडणाऱ्या लहान मुलाच्या हातात पालकाने मोबाइल दिला आणि रडणे थांबले, या एवढ्याशा प्रसंगात दोघेही काहीतरी शिकलेले असतात. रडल्यावर मोबाइल मिळतो हे मूल शिकते आणि मोबाइल दिल्यावर गोंगाट थांबतो हे पालक शिकतो; त्यामुळे पुढच्या वेळी मूल अधिक लवकर रडू लागते आणि पालकही अधिक लवकर मोबाइल काढून देतो. दोघांपैकी कोणीही कोणाला शिकवायला बसलेले नव्हते. शेजारी बसलेले धाकटे भावंड हा सगळा प्रकार पाहत होते, आणि स्वतः एकदाही न रडता तेही तोच धडा घेऊन उठले.

शिकण्याविषयी मला सर्वांत आधी सांगावीशी वाटणारी गोष्ट या प्रसंगात आली आहे. शिकणाऱ्याला शिकवणाऱ्याचा हेतू दिसत नाही. त्याला दिसते ते एवढेच, की कशाच्या आधी काय घडले, कशाच्या पाठोपाठ काय आले आणि दुसऱ्या कोणाच्या वाट्याला काय आले. पुढील पद्धत मुले वाढवणाऱ्यांसाठी, प्राणी सांभाळणाऱ्यांसाठी, वर्गात शिकवणाऱ्यांसाठी आणि स्वतःच्या सवयी बदलू पाहणाऱ्यांसाठी लिहिली आहे, कारण या सर्वांच्या बाबतीत मूळ नियम बरेचसे समान आहेत.

आधी आठवडाभर केवळ नोंद

कोणतेही वर्तन बदलायला घेण्यापूर्वी निदान एक आठवडा त्यात हस्तक्षेप न करता त्याची नोंद ठेवावी. कागदावर तीन रकाने आखावेत: वर्तनाच्या लगेच आधी काय घडले, नेमके वर्तन कोणते होते, आणि त्यानंतरच्या काही सेकंदांत काय घडले. मधल्या रकान्यात 'हट्टीपणा केला', 'आळस केला', 'कुत्रा चिडला' असे शब्द लिहू नयेत, कारण ते आपण काढलेले निष्कर्ष आहेत. 'जमिनीवर लोळून दोन मिनिटे ओरडला', 'पुस्तक उघडले आणि पाचव्या मिनिटाला मिटले', 'दारावरची घंटा वाजताच चार वेळा भुंकला' असे लिहावे, म्हणजे तोच प्रसंग पाहणाऱ्या दुसऱ्या कोणीही तेच लिहिले असते.

तिसरा रकाना भरताना सर्वाधिक काळजी घ्यावी लागते, कारण आपण ज्याला शिक्षा समजतो ती शिकणाऱ्याला बक्षिसासारखी वाटत असू शकते. दिवसभर ज्याच्याकडे कोणी पाहिलेले नसते अशा मुलाला रागावण्यातूनही लक्ष मिळते. अंगावर उडी मारणाऱ्या कुत्र्याला दोन्ही हातांनी ढकलले, तर त्याच्या दृष्टीने तो खेळ ठरतो. गोंधळ केल्याबद्दल वर्गाबाहेर काढलेला विद्यार्थी नकोशा झालेल्या गणितातून सुटतो. एखादा परिणाम बक्षीस ठरला की शिक्षा, याचा निर्णय पुढच्या काही दिवसांत ते वर्तन वाढले की घटले एवढ्यावरूनच करावा.

नोंदी हाती आल्यावर सोडवायचा पहिला प्रश्न असा: हे वर्तन आधीच्या संकेतामुळे आपोआप उमटते आहे, की नंतरच्या परिणामामुळे टिकून आहे? परीक्षेच्या घंटेने छातीत धडधडणे किंवा इंजेक्शनची सुई पाहताच अंग आक्रसणे ही पहिल्या प्रकारची उदाहरणे आहेत. दार उघडावे म्हणून ते पंजाने खरवडणे किंवा कौतुक व्हावे म्हणून काढलेले चित्र दाखवायला आणणे ही दुसऱ्या प्रकारची. पहिल्या प्रकारच्या शिकण्याला मानसशास्त्रात अभिजात अभिसंधान म्हणतात आणि दुसऱ्याला साधक अभिसंधान. प्रत्यक्ष जीवनात दोन्ही एकमेकांत मिसळलेली असतात, परंतु त्यांचे उपाय वेगवेगळे असल्यामुळे आधी त्यांना निराळे करून पाहणे आवश्यक ठरते. घाबरून थरथरणाऱ्या कुत्र्याला खाऊ दिला तर तो आणखी थरथरायला शिकेल अशी शंका पुष्कळांना वाटते, आणि त्या शंकेपोटी बिचाऱ्या प्राण्याला एकटे सोडले जाते. थरथरणे ही आपोआप उमटणारी प्रतिक्रिया आहे, ती खाऊ मिळवण्यासाठी केलेली कृती नाही; म्हणून भीतीच्या संकेतामागून खाऊ येऊ लागला, तर ओसरते ती भीतीच.

संकेत रुजवण्याची रीत

रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनक्रियेवरील संशोधनासाठी. कुत्र्यांची लाळ मोजताना त्यांना असे आढळले होते की अन्न तोंडात पडण्यापूर्वीच, ते घेऊन येणाऱ्या माणसाच्या नुसत्या चाहुलीने, लाळ सुटू लागते. ही अडचण समजून बाजूला न सारता त्यांनी उरलेले आयुष्य तिच्या अभ्यासाला वाहिले. मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक लयीत टकटक करणारे यंत्र, अन्नाच्या अगोदर पुन्हा पुन्हा सुरू केले की काही काळाने नुसत्या टकटकीनेही लाळ सुटते, हे त्यांनी दाखवून दिले. अन्न हा इथे अनभिसंधित, म्हणजे न शिकवताही परिणाम करणारा उद्दीपक होय, आणि टकटक हा शिकण्यातून अर्थ लाभलेला, अभिसंधित उद्दीपक होय.

या रीतीचा उपयोग करताना क्रम चुकवू नये. संकेत आधी आणि महत्त्वाची गोष्ट त्यापाठोपाठ आली पाहिजे. अन्न देऊन झाल्यावर वाजवलेली घंटा जवळजवळ काहीच शिकवत नाही. दोहोंमधील अंतरही कमी ठेवावे. डोळ्यावर हवेचा झोत सोडण्यापूर्वी आवाज ऐकवून केवळ आवाजाने पापणी मिटायला लावण्याच्या प्रयोगांत अर्ध्या सेकंदाच्या आसपासचे अंतर विशेष परिणामकारक ठरते. प्रत्येक प्रतिक्रियेला सोयीचे अंतर वेगळे असते, पण रोजच्या व्यवहारात एक-दोन सेकंदांचा हिशेब सहसा उपयोगी पडतो.

दोन गोष्टी वारंवार एकत्र आल्या म्हणजे त्यांची सांगड आपोआप बसते, अशी समजूत पुष्कळ काळ होती. ती अपुरी असल्याचे लिओन कामिन यांनी १९६० च्या दशकात उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले. एका संकेताने पुढे काय येणार हे आधीच कळत असेल, तर त्याच्या जोडीला दिलेला दुसरा संकेत जवळजवळ शिकलाच जात नाही. रॉबर्ट रेस्कोर्ला आणि अ‍ॅलन वॅग्नर यांनी १९७२ साली याच विचाराला गणिती रूप दिले: जे घडले ते जितके अनपेक्षित, तितके शिकणे अधिक, आणि अपेक्षेप्रमाणेच सारे घडले तर शिकण्यासारखे काही उरत नाही. या विषयातील इतर कोणत्याही सिद्धांतापेक्षा मला हा अधिक मोलाचा वाटतो, कारण शिकवताना होणाऱ्या कितीतरी चुका त्याच्या साहाय्याने उलगडतात.

अशीच एक नित्याची चूक पाहू. हाताच्या खुणेने बसणाऱ्या कुत्र्याला 'बस' हा शब्द शिकवायचा असतो, तेव्हा बहुतेक जण शब्द आणि खूण एकाच वेळी देतात, आणि महिनाभराने तक्रार करतात की नुसत्या शब्दाने कुत्रा बसत नाही. खुणेवरून सारे कळत असल्यामुळे शब्दाकडे लक्ष देण्याचे कारणच कुत्र्यापाशी नव्हते. म्हणून आधी शब्द उच्चारावा, सुमारे एक सेकंद स्तब्ध राहावे, मग परिचित खूण करावी, आणि कुत्रा बसताच खाऊ द्यावा. शब्द आता खुणेची पूर्वसूचना देऊ लागतो, आणि काही दिवसांनी कुत्रा खुणेची वाट न पाहता बसतो. लहान मुलाला नवा शब्द शिकवतानाही हाच क्रम ठेवून पाहावा: आधी शब्द, क्षणभर थांबणे, आणि मग वस्तूकडे बोट.

भीती उतरवण्याचा क्रम

१९२० साली जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी 'अल्बर्ट' या नावाने नोंदवलेल्या सुमारे अकरा महिन्यांच्या बाळाला पांढऱ्या उंदराची भीती बसवली. उंदीर दाखवायचा आणि बाळाच्या पाठीमागे पोलादी सळईवर हातोडा हाणून दचकवणारा आवाज करायचा, एवढेच त्यांनी केले. त्यानंतर बाळ सशाला, कुत्र्याला आणि केसाळ कोटालाही घाबरू लागले. एका संकेताशी जडलेली प्रतिक्रिया त्याच्यासारख्या इतर संकेतांकडे पसरते, याला सामान्यीकरण म्हणतात. ती भीती काढून न टाकताच प्रयोग थांबला. असा प्रयोग आज कोणत्याही नीतीसमितीपुढे टिकणार नाही, आणि तो टिकू नये असेच माझे मत आहे.

त्यापेक्षा पुष्कळ उपयोगाचे काम मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ साली प्रसिद्ध केले. सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या, तीन वर्षांच्या आतल्या मुलाला त्यांनी आवडीचे खाणे चालू असताना लांबवर पिंजऱ्यातला ससा दाखवला, आणि मूल निवांत आहे असे पाहत पाहत बऱ्याच बैठकांतून तो जवळ आणला. सशाला न घाबरणाऱ्या इतर मुलांनाही त्यांनी त्याच्या सोबत खेळायला ठेवले होते. अखेरीस पीटर सशाला हाताळू लागला. पुढे जोसेफ वोल्पे यांनी मोठ्या माणसांच्या भीतीवर उपचार करण्यासाठी जी क्रमबद्ध पद्धत विकसित केली, तिची बीजे या कामात सापडतात.

घरी किंवा वर्गात सौम्य भीतीसाठी हा क्रम असा वापरावा. भीतीच्या वस्तूची किंवा प्रसंगाची आठ-दहा पायऱ्यांची उतरंड लिहून काढावी, ज्यात पहिली पायरी इतकी सौम्य असावी की शिकणारा तिच्याकडे पाहतो पण घाबरत नाही. विजेच्या कडकडाटाला घाबरणाऱ्या कुत्र्यासाठी पहिली पायरी म्हणजे कानांवर जेमतेम पडेल एवढ्या बारीक आवाजातले ध्वनिमुद्रण असू शकते. ध्वनी आधी ऐकवावा आणि लगेच अतिशय आवडता खाऊ द्यावा. ध्वनी थांबला की खाऊही थांबवावा. हा क्रम उलटा झाला, म्हणजे खाऊ दाखवून प्राण्याला भीतीकडे ओढले, तर काही दिवसांनी खाऊ हाच संकटाचा संकेत होऊन बसतो. कडकडाट ऐकू येताच कुत्रा मान वळवून आपल्या हाताकडे अपेक्षेने पाहू लागला म्हणजे ती पायरी पक्की झाली, आणि तेव्हाच आवाज किंचित वाढवावा. शिकणारा ताठरला, त्याने खाणे थांबवले किंवा तो मागे सरकला, तर आपण घाई केली आहे असे समजून दोन पायऱ्या खाली यावे. एकदम मोठ्या भीतीसमोर उभे करून 'एकदाचा सोक्षमोक्ष' लावण्याचा मोह टाळावा. जाणकार तज्ज्ञाच्या देखरेखीविना तसे केल्यास मूळ भीतीवर नवी भीती चढते. पॅनिकचे झटके, मोठ्या आघातानंतरची भीती किंवा प्राण्याचे चावणे यांसाठी मात्र मानसोपचारतज्ज्ञाचा, मानसशास्त्रज्ञाचा किंवा पशुवैद्यकाचा सल्लाच घ्यावा.

भीती गेली असे वाटल्यावरही एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. संकेत वारंवार येऊनही त्यामागून काही वाईट आले नाही, तर प्रतिक्रिया मावळते, आणि या मावळण्याला विलोपन म्हणतात. परंतु जुने शिकणे त्यामुळे पुसले जात नाही, त्याच्यावर नवे शिकणे बसते. म्हणूनच काही दिवसांच्या विश्रांतीनंतर भीती थोडीशी परत डोके वर काढते, मावळलेली प्रतिक्रिया अशी परतते हे पाव्हलॉव्ह यांनीही कुत्र्यांच्या लाळेबाबत नोंदवले होते, आणि जागा बदलली तरी भीती परत येऊ शकते. सराव एकाच खोलीत न करता तीन-चार निरनिराळ्या जागी, वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या माणसांसोबत करावा. परत आलेली भीती हे अपयश समजू नये; दुसऱ्या फेरीत ती सहसा लवकर उतरते.

परिणामांतून वर्तन घडवणे

एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ साली मांजरांना खिट्टी किंवा दोरी ओढून उघडता येणाऱ्या पेट्यांत ठेवून सुटकेला लागणारा वेळ मोजला. मांजर अचानक 'समजून' सुटत नव्हते; निरुपयोगी हालचाली हळूहळू गळत होत्या आणि उपयोगी हालचाल लवकर होऊ लागत होती. समाधान देणारा परिणाम मिळालेली कृती पक्की होते, हा त्यांचा परिणामाचा नियम बी. एफ. स्किनर यांनी पुढे फार तपशिलाने विकसित केला. वर्तन वाढवणाऱ्या परिणामाला प्रबलन म्हणतात. हवे ते मिळाल्याने वर्तन वाढले तर ते धन प्रबलन आणि नको ते टळल्याने वाढले तर ऋण प्रबलन. ऋण प्रबलन आणि शिक्षा यांची गल्लत पाठ्यपुस्तकांबाहेर सर्रास होते. शिक्षेने वर्तन घटते, तर ऋण प्रबलनाने ते वाढते, जसे सुरुवातीच्या प्रसंगातील पालकाचे मोबाइल देणे वाढले.

नवे वर्तन शिकवण्याचे सर्वांत समर्थ साधन म्हणजे आकारण, अर्थात अंतिम वर्तनाच्या दिशेने पडलेल्या प्रत्येक लहान पावलाला प्रबलन देत जाणे. कुत्र्याने सांगितल्यावर चटईवर जाऊन आडवे व्हावे अशी अपेक्षा असेल, तर पहिल्यांदा त्याने चटईकडे नुसते पाहिले तरी खाऊ द्यावा. पाहणे खात्रीने होऊ लागल्यावर फक्त एक पाऊल टाकल्यास द्यावा, मग एक पंजा चटईवर पडल्यास, मग चारही, मग बसल्यास आणि शेवटी आडवे झाल्यास. एका पायरीवर दहापैकी आठ वेळा यश मिळू लागले की पुढची मागणी करावी, आणि लागोपाठ दोन-तीन प्रयत्न फसले तर मागची पायरी पुन्हा घ्यावी, हा प्रशिक्षकांचा व्यवहारी अंदाज मला विश्वासार्ह वाटतो. रोज लिहिण्याची सवय स्वतःला लावू पाहणाऱ्याने सुद्धा पहिल्या दिवशी हजार शब्दांचा संकल्प करू नये. ठरलेल्या वेळी वही उघडून एक ओळ लिहिणे ही पहिली पायरी पुरेशी आहे, आणि ती ओळ लिहून झाल्यावरच सकाळचा आवडता पेला हातात घ्यावा. डेव्हिड प्रीमॅक यांनी १९५९ साली हेच तत्त्व मांडले: जे आपण एरवी आपणहून आणि अधिक वेळा करतो, ते कमी वेळा होणाऱ्या कामाचे प्रबलक म्हणून वापरता येते.

प्रबलनाची वेळ अचूक साधावी लागते. बसलेला कुत्रा खाऊ येईपर्यंत उठून उभा राहिला, तर खाऊ उठण्याला मिळतो. यावर उपाय म्हणून प्रशिक्षक 'क्लिक' असा आवाज करणारी छोटी डबी वापरतात. आधी क्लिक आणि लगेच खाऊ असे वीस-तीस वेळा करून तो आवाज अर्थपूर्ण केला जातो, आणि मग नेमक्या क्षणी क्लिक करून 'हे बरोबर' असे सांगता येते. खाऊ दोन सेकंद उशिरा आला तरी चालतो. अभिजात अभिसंधानाने घडवलेला संकेत साधक अभिसंधानात कामाला लावण्याचे हे सुबक उदाहरण आहे. बोलणे समजणाऱ्या मुलाच्या बाबतीत हे काम नेमक्या शब्दांतले कौतुक करते: 'शाब्बास' एवढेच न म्हणता 'खेळणी न सांगता खोक्यात ठेवलीस' असे म्हणावे.

वर्तन शिकेपर्यंत प्रत्येक वेळी प्रबलन द्यावे आणि शिकल्यावर ते विरळ करावे. विरळ प्रबलनाचा शोध स्किनर यांना अडचणीतून लागला होता. कळ दाबून खाद्य मिळवायला शिकलेल्या उंदरांसाठी गोळ्या ते स्वतः तयार करत असत, साठा संपत आल्याचे दिसल्यावर त्यांनी प्रत्येक दाबाला गोळी देण्याऐवजी ठरावीक अंतराने एक द्यायला सुरुवात केली, आणि उंदीर तरीही कळ दाबत राहिले. चार्ल्स फर्स्टर यांच्यासह त्यांनी १९५७ साली प्रबलनाच्या अशा वेळापत्रकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून दिसून आले की किती दाबांनंतर बक्षीस मिळेल याचा अंदाज येत नसेल, तर वर्तन सर्वांत जोमाने चालू राहते. जुगाराची यंत्रे याच तत्त्वावर चालतात, आणि मोबाइलचा पडदा पुन्हा पुन्हा खाली ओढून काही नवे आले का ते पाहण्याच्या सवयीतही तेच दिसते.

यातूनच नको असलेले वर्तन सोडवण्यातील सर्वांत मोठी चूक कळते. रडण्याला दाद द्यायची नाही असे ठरवल्यावर पहिले काही दिवस रडणे वाढते, अधिक मोठ्याने आणि अधिक वेळ होते. बक्षीस बंद झाल्यावर वर्तनाने अशी उसळी घेणे हे अपेक्षितच असते. नेमक्या त्या उसळीच्या वेळी पालक हार मानून मोबाइल देतो, तेव्हा मूल दोन गोष्टी शिकते: फार मोठ्याने रडावे लागते, आणि कधीतरी मिळतेच. म्हणून दुर्लक्ष करण्याचा निर्णय घरातील सर्वांनी मिळून आणि पाळता येणार असेल तरच घ्यावा. त्याचबरोबर मुलाला हवी ती गोष्ट मिळवण्याचा दुसरा, चांगला मार्ग शिकवून त्या मार्गाला लगेच आणि भरभरून दाद द्यावी. 'दहा मिनिटे हवा' असे नीट मागितल्यावर मोबाइल दहा मिनिटे मिळत असेल, तर रडण्याचे कामच संपते. दुखणे, भूक किंवा खरी भीती यांमुळे येणाऱ्या रडण्याकडे मात्र कधीही दुर्लक्ष करू नये.

शिक्षेविषयी थोडक्यात सांगतो. ती काय करू नये एवढेच सांगते, काय करावे हे सांगत नाही. शिक्षा करणाऱ्याच्या उपस्थितीपुरतेच वर्तन बहुधा थांबते. आणि शिक्षेची वेदना अभिजात अभिसंधानाने शिक्षा करणाऱ्या माणसालाच चिकटते. शारीरिक शिक्षा कोणत्याही हेतूने करू नये. आपण काहीही केले तरी त्रास टळत नाही असा अनुभव जिवाला आला, तर तो प्रयत्नच सोडून देतो, हे मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांच्या १९६७ सालच्या कुत्र्यांवरील प्रयोगांत दिसले होते.

बक्षिसालाही जपूनच हात घालावा. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ साली चित्रे काढायला मुळातच आवडणाऱ्या बालवाडीतील मुलांपैकी काहींना चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र देण्याचे आधी कबूल केले. एक-दोन आठवड्यांनंतर या मुलांनी मोकळ्या वेळात रंगीत पेनांना दिलेला वेळ इतर मुलांच्या निम्म्याच्या आसपास भरला. अनपेक्षितपणे प्रशस्तिपत्र मिळालेल्या मुलांची गोडी कमी झाली नाही. जे काम मूल आनंदाने करते आहे त्यावर बक्षिसाची अट घालू नये. बक्षीस राखून ठेवावे ते जिथे सुरुवातच होत नाही अशा कामांसाठी.

निसर्गाने घातलेल्या मर्यादा

कोणताही संकेत कोणत्याही परिणामाशी जोडता येतो, हे गृहीतक जॉन गार्सिया आणि रॉबर्ट कोएलिंग यांनी १९६६ साली मोडून काढले. मळमळ झालेल्या उंदरांनी दोष चवीला दिला, प्रकाशाला व आवाजाला नाही. विजेचा धक्का बसलेल्यांनी तो प्रकाशाला व आवाजाला दिला, चवीला नाही. शिवाय चव आणि मळमळ यांत बराच वेळ गेला तरी ही सांगड बसते. स्किनर यांचे विद्यार्थी असलेले केलर आणि मॅरियन ब्रेलंड हे दांपत्य प्राण्यांना जाहिरातींसाठी आणि खेळांसाठी शिकवत असे. त्यांनी १९६१ साली लिहिले की नाणी पेटीत टाकायला शिकवलेले रॅकून हे अमेरिकी प्राणी नाणी टाकायचे सोडून ती एकमेकांवर घासत बसत, अन्न धुतल्यासारखी. जे शिकवायचे ते त्या जातीच्या सहज प्रवृत्तीच्या दिशेने जात असेल तर काम झपाट्याने होते, आणि विरुद्ध जात असेल तर प्रशिक्षकाने आपले उद्दिष्ट बदलावे.

पाहून शिकणे, आणि पाहण्याजोगे दाखवणे

अल्बर्ट बँडुरा, डोरोथिया रॉस आणि शीला रॉस यांनी १९६१ साली स्टॅनफर्ड येथील बालवाडीतील ७२ मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. मोठ्या माणसाने हवा भरलेल्या बाहुल्याला हातोडीने मारताना पाहिलेल्या मुलांनी पुढे तेच, त्याच शब्दांसह, केले, आणि त्यासाठी त्यांना कोणतेही बक्षीस मिळालेले नव्हते. मला त्याहून अधिक बोलका वाटतो तो बँडुरा यांचा १९६५ सालचा प्रयोग. त्यात चित्रफितीतील माणसाला मारल्याबद्दल शिक्षा झालेली पाहणाऱ्या मुलांनी कमी अनुकरण केले. परंतु पाहिलेले करून दाखवल्यास बक्षीस मिळेल असे सांगताच हा फरक नाहीसा झाला. शिकली सर्वच होती, करत काहीच जण होती. मूल एखादी गोष्ट करत नाही यावरून ते ती शिकलेले नाही असे म्हणू नये. घरातील भांडण पाहिलेल्या मुलाच्या बाबतीत तर मुळीच नाही.

पाहून शिकण्यासाठी बँडुरा यांनी चार गोष्टी आवश्यक मानल्या: अवधान, धारणा, पुनरुत्पादन आणि प्रेरणा. एखादे कौशल्य दाखवताना यांचा क्रमाने विचार करावा. शिकणाऱ्याचे लक्ष नेमक्या जागी असावे म्हणून त्याला समोर न बसवता आपल्या शेजारी, त्याच दिशेला तोंड करून बसवावे. गाठ मारणे किंवा अक्षर गिरवणे समोरून पाहिले तर उलटे दिसते. लक्षात राहावे म्हणून प्रत्येक हालचालीला छोटा शब्द द्यावा आणि शिकणाऱ्याला तो उच्चारायला लावावा. करता यावे म्हणून दाखवल्यानंतर लगेच त्याच्या हाती साहित्य द्यावे, आणि त्याच्या हातांना न जमणारा भाग आधी वेगळा करून घ्यावा. प्रेरणेसाठी त्याच्यासारखा, त्याच्याच वयाचा कोणी दाखवणारा मिळाला तर फार बरे. सुरुवातीला अडखळून, आपली चूक बोलून दाखवून, ती दुरुस्त करत पुढे जाणारा आदर्श हा पहिल्याच प्रयत्नात सफाईने करणाऱ्यापेक्षा घाबरलेल्या विद्यार्थ्याला अधिक धीर देतो.

भीतीही पाहून शिकली जाते. सुसान मिनेका आणि मायकेल कुक यांच्या प्रयोगांत प्रयोगशाळेत वाढलेली, सापाची भीती नसलेली रीसस माकडे दुसऱ्या माकडाला सापापुढे घाबरताना पाहून अल्पावधीत सापाला घाबरू लागली. चित्रफितीची जुळणी बदलून तेच माकड फुलांना घाबरत असल्याचे दाखवले, तेव्हा मात्र फुलांची भीती त्यांनी घेतली नाही. मुलासमोर कुत्रा दिसताच त्याचा हात घट्ट आवळणाऱ्या पालकाने हे ध्यानात घ्यावे. भीती उतरवण्यासाठीही हाच मार्ग उलट दिशेने वापरता येतो. सापाची तीव्र भीती असलेल्या प्रौढांवर बँडुरा व सहकाऱ्यांनी १९६९ साली केलेल्या कामात, दुसऱ्याने साप हाताळताना पाहणे आणि मग त्याच्या मदतीने स्वतः टप्प्याटप्प्याने हाताळणे ही जोड इतर उपायांपेक्षा अधिक परिणामकारक ठरली.

दाखवण्यापूर्वी एक तयारी अवश्य करावी. व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हायटन यांनी २००५ साली तरुण चिंपांझींना आणि तीन-चार वर्षांच्या मुलांना पेटीतून बक्षीस काढून दाखवले, ज्यात काही कृती उपयोगाच्या आणि काही निरर्थक होत्या. पेटी पारदर्शक असल्यावर, म्हणजे कोणती कृती निरर्थक आहे हे दिसू लागल्यावर, चिंपांझींनी ती सोडून दिली. मुलांनी मात्र पारदर्शक पेटीतही सगळ्या कृती जशाच्या तशा केल्या. माणसाचे मूल दाखवणाऱ्याच्या कृतीत स्वतःला न दिसणारा अर्थ आहे असे मानून चालते. म्हणून जे शिकवायचे ते आधी एकट्याने दोन वेळा करून पाहावे, शक्य असल्यास चित्रित करावे, आणि सवयीने होणाऱ्या अनावश्यक हालचाली काढून टाकाव्यात. मग सावकाश दाखवावे आणि मुलाला मदत न करता करू द्यावे. त्याच्या हातून एखादी अनावश्यक कृती निघाली तर त्याला टोकू नये. पुढच्या वेळी ती वगळून पुन्हा दाखवावे, आणि दोन-तीन खेपांत ती त्याच्याकडूनही गळते का, हे त्याच तीन रकान्यांच्या कागदावर नोंदवावे.